धुऊन, इस्त्री करून, घरपोच

बसा, बसा. त्या खुर्चीवर बसा, तिथे वारा लागतो. मी उभाच बरा आहे. का उभा आहे ते शेवटी सांगतो, आधी चहा घ्या.

खरं तर हा किस्सा मी स्वतःच्या तोंडाने सांगायला नको. पण बरकतपुऱ्यात कुणालाही विचाराल तर तो सांगेलच, आणि पदरच्या चार गोष्टी घालून सांगेल. त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. जेवढं घडलं तेवढंच सांगतो. तेवढंही पुष्कळ आहे.

मी रेल्वेत होतो, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर. अठ्ठावीस वर्षं. लोक गाडीत काय काय विसरतात, तुम्हाला कल्पना नाही! छत्र्या, डबे, चष्मे तर रोजचेच. एकजण दातांची कवळी विसरला होता. एक जावई तर वेटिंग रूममध्ये सासू विसरून गेला. कवळी द्यायला आठ दिवस लागले, सासू मात्र मी दोन तासांत परत केली. तिला ठेवायला आमच्याकडे कपाट नव्हतं.

आता असा माणूस रिटायर होऊन घरी बसला तर काय करेल? मी घरातल्या विसरलेल्या वस्तू गोळा करायला लागलो. मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, चष्मा टीव्हीवर ठेवला की मी तो उचलून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवायचो. शेजाऱ्यांच्या दाराबाहेरच्या चपलाही मी दोनदा जमा केल्या. दुसऱ्या वेळी मंगलने तवा खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "अहो, तीन महिने देते. तोवर काहीतरी काम शोधा. नाहीतर विलासच्या दुकानात बसा."

विलास तिचा भाऊ. बेगम बाजारात त्याचं लाल मिरचीचं ठोक दुकान आहे. मी त्या गल्लीच्या तोंडाशी गेलो तरी मला अकरा शिंका येतात, मोजलेल्या आहेत. आणि विलासने तर दुसऱ्याच दिवशी फोन केला. "दाजी, तुमच्यासाठी खुर्ची काढून ठेवलीय. पोत्यांच्या मधोमध."

म्हणून मी सहल काढली.

इथून पाच तासांवर, जंगलाच्या कडेला गरम पाण्याचं एक कुंड आहे. नाव सांगत नाही, झाल्या प्रकारात त्या कुंडाचा काही दोष नाही. नोकरीत असताना एकदा गेलो होतो. पाण्याला गंधकाचा वास, खालून बुडबुडे, आणि अर्धा तास बसलं की सांधे मोकळे. आता जिकडे तिकडे वेलनेस चाललंय. हायटेक सिटीतली मुलं पाच दिवस खुर्चीत बसून मान आखडून घेतात आणि सहाव्या दिवशी ती मोकळी करायला कुठे जावं ते विचारतात. म्हटलं, आपणच नेऊ. ही सहल चांगली झाली तर लोक चार ठिकाणी सांगतील, दुसरी भरेल, तिसरी भरेल, आणि मिरचीच्या पोत्यांमधली ती खुर्ची तशीच रिकामी राहील.

पत्रक छापलं. 'निसर्गाच्या कुशीत आरोग्यस्नान. नाश्ता, जेवण, चहा.' आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत, 'आमच्या सहलीत तुमची एकही वस्तू हरवणार नाही.' शेवटची ओळ माझी. मंगल म्हणाली, ती काढा. मी काढली नाही.

सोळा जण मिळाले. सगळी नावं लक्षात ठेवू नका, दोनच ठेवा. एक गोखले मावशी, मूळच्या पुण्याच्या, मुलाच्या नोकरीमुळे इथे. त्यांचा डावा गुडघा. दुसरे साठे, मुंबईचे, कॉम्प्युटरवाले. त्यांची मान. बाकी कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाची खाज. मिनीबस ठरवली ती खाजाभाईंची. वीस वर्षं गाडी चालवतायत आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. विचारल्यावरही कमीच बोलतात.

थंडीचे दिवस होते. कुंडावर पोचलो तर पाण्यावर वाफ तरंगत होती. सगळे खूश! कुंडावर लचम्मा नावाची एक बाई असते, झाडलोट, देखरेख सगळं तिच्याकडे. तिच्या हवाली माणसं केली आणि मी बसजवळ जेवणाची मांडामांड करायला गेलो. सोळा पानं, पुलिहोरा म्हणजे आपला चिंचेचा भात, दही, लोणचं. मी स्वतः पाण्यात उतरलोच नाही. व्यवस्थापकाने उतरायचं नसतं, असं माझं मत होतं.

तासाभराने माणसं येऊ लागली. कोरडे कपडे घालून, एकामागे एक. आणि काय सांगू, गोखले मावशी कुणाचा हात न धरता बसच्या पायऱ्या चढल्या! सकाळी त्यांना चढवायला दोघं लागले होते. साठ्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, पुन्हा डावीकडे वळवली. मी विचारलं, "कसं वाटतंय?" ते नुसतेच हसले. मावशींना विचारलं, त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

कुणी बोलेचना! जेवले गप्प, बसले गप्प. सोळा मराठी माणसं एका बसमध्ये, आणि आवाज नाही. मला वाटलं, हाच तो वेलनेस.

निघण्याआधी मी सवयीप्रमाणे शेवटची फेरी मारली. कुंडाच्या मागच्या भिंतीपाशी गेलो आणि पाहतो तर काय? कपडे! ओले, पिळलेले, ओळीने ठेवलेले. मावशींची मोरपंखी सुती साडी, साठ्यांचा कंपनीचा टी-शर्ट, कुणाची बंडी, कुणाचा लेंगा. सोळाच्या सोळा जण कपडे विसरले होते! अठ्ठावीस वर्षांत एकाच गाडीतले सगळे प्रवासी विसरलेत, असं माझ्या खिडकीवर कधी झालं नव्हतं.

माझ्या छातीत काय झालं म्हणून सांगू. आनंद झाला हो. पत्रकातली शेवटची ओळ सिद्ध करायची संधी समोर ओली होऊन पडली होती.

लचम्मा जेवायला गेली होती. मी बसमधून पोतं आणलं आणि मोजून भरले. गठ्ठे झाले सतरा. एक जास्त, निळा गाऊन, त्यावर पिवळी फुलं. म्हटलं असेल गोखले मावशींचा, वयस्कर माणसं जादा कपडे आणतात.

पोतं डिकीत टाकताना खाजाभाईंनी विचारलं, "साब, ये कपडे लेके जारे क्या आप?"

"हौ."

"सब के?"

"हौ, सब के. भूल गये बिचारे."

खाजाभाईंनी माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. "सोच लो साब," एवढंच बोलले आणि गाडी सुरू केली.

आता मला सांगा, 'सोच लो' म्हटल्यावर माणसाने विचार करावा की नाही? मी केला. असा विचार केला की बसमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं तर लोकांना ओशाळल्यासारखं होईल. त्यापेक्षा घरी नेऊ, धुऊ, इस्त्री करू आणि घरपोच देऊ. मंगल त्या दोन दिवसांसाठी विलासकडे गेली होती, त्यामुळे मला अडवायला घरात कुणी नव्हतं.

मशीन दोनदा लावलं. साड्यांना स्टार्च केला. सकाळी बसमध्ये कोण काय घालून बसलं होतं ते मला पाठ होतं, त्यामुळे प्रत्येक गठ्ठ्याला सीटचा नंबर आणि नाव असलेली चिठ्ठी टाचली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवर लादून निघालो.

पहिले चौदा गठ्ठे झपाझप गेले. कुठे वॉचमनकडे दिला, कुठे सुनेच्या हातात, कुठे दाराच्या कडीला अडकवला. पंधरावे साठे. काचीगुड्याला, चौथा मजला. घरूनच काम करत होते, स्वतःच दार उघडलं.

"हा तर माझा टी-शर्ट," ते म्हणाले.

"हौ ना! विसरला होतात."

"मी विसरलो नव्हतो." त्यांचा हात हळूहळू मानेकडे गेला. "भालेराव, तो तिथेच ठेवा. नको, तिथे नको. लिफ्टजवळ ठेवा. लिफ्टच्या पलीकडे."

मला वाटलं, फार संकोची माणूस. पुढे निघालो.

गोखले मावशी अंगणात फुलं तोडत होत्या. हो, तोडत होत्या! टाचा उंचावून! मला पाहून म्हणाल्या, "या, या भालेराव! अहो, काय ती जागा! सहा वर्षांनी मांडी घालून बसले मी. मंडळात सगळ्यांना सांगितलंय, तुमची पुढची बस भरलीच म्हणून समजा."

मी फुलून गेलो. पिशवीतून मोरपंखी साडी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

मावशींच्या हातातली परडी पडली.

"ही कुठून आणलीत?"

"तिथेच राहिली होती. एकट्या तुमचीच नाही, सगळ्यांचीच."

"राहिली नव्हती हो! ठेवली होती!" मावशी मागे सरकत पायरीवर बसल्या. "त्या लचम्माने सांगितलं होतं ना! पाण्यात अंगावर जे असेल ते तिथेच उतरवून ठेवायचं. मागे वळून पाहायचं नाही. घरचा उंबरा ओलांडेपर्यंत बोलायचं नाही. दुखणं कपड्यासोबत तिथेच राहतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही पुलिहोरा वाढत होतात!"

आता माझीही बाजू ऐका. आमचं बौद्ध घर. वडील मराठवाड्यातून इथे नोकरीला आले, आणि उतारा, नवस, सोडणं, टाकणं यातलं काही त्यांनी घरात येऊ दिलं नाही. मला गंधक माहीत, उष्णता माहीत. दुखणं साडीत उतरतं हे मला माहीत असणार कुठून? मी मावशींना समजावू लागलो, पाण्यातले क्षार, रक्ताभिसरण…

"भालेराव," मावशींनी मला मध्येच थांबवलं, "मी माझी गुडघेदुखी सोडून आले होते. तुम्ही ती धुऊन, इस्त्री करून घरपोच आणलीत."

काहीतरी करावं म्हणून पिशवीतला दुसरा गठ्ठा काढला. "आणि हा तुमचा गाऊन."

मावशींनी निळ्या गाऊनवरची पिवळी फुलं पाहिली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "हा माझा नाही. कुणाचा आहे?"

"माहीत नाही."

"आणि तिला काय झालं होतं?"

मी गाऊन पिशवीत घातला आणि घरी आलो.

संध्याकाळपर्यंत फोनवर सहलीच्या ग्रुपवर आग लागली. साठ्यांची मान धरली. एकाची कंबर गेली. खाजवाल्याची खाज परत आली, वर नव्या जागी आली. मावशींचा गुडघा सुजला. आणि गंमत सांगू? या सोळा जणांना वेगवेगळं गाठून विचाराल तर प्रत्येकजण म्हणेल, माझा नाही बुवा अशा गोष्टींवर विश्वास. पण पुढच्या सहलीतल्या बारा जणांनी नावं काढून घेतली, तीही एका तासात.

मंगल परत आली होती. मी तिला सांगितलं, "हे सगळं मनाचं असतं."

"असेल," ती म्हणाली. "पण मावशींना तीन दिवस जे सुख लागलं ते खरं होतं ना? ते तुम्ही घालवलंत."

हे मात्र मला लागलं. खोटं नाही सांगत, त्या रात्री मी जेवलो नाही. टाचा उंचावून फुलं तोडणाऱ्या मावशी डोळ्यांसमोरून हलेनात. तेवढ्यात विलासचा फोन. "दाजी, खुर्चीवर उशी टाकली बरं का."

सकाळी मावशींकडे जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफी नको, कपडे परत नेऊन सोडा. पण नीट सोडा, आणि आम्हाला फोनवर दाखवा. तुमच्यावर आता भरवसा नाही.

सोळा घरांतून सोळा गठ्ठे परत गोळा केले, सतरावा गाऊन माझ्याकडेच होता. साठ्यांनी टी-शर्ट काठीने पिशवीत ढकलला. पुन्हा खाजाभाईंची गाडी, या वेळी आम्ही दोघंच. वाटेत मी विचारलं, "खाजाभाई, तुम कू मालूम था?"

"हौ साब."

"तो बोले कायकू नै?"

"बोला ना साब. सोच लो बोला."

कुंडावर पोचलो. पोतं भिंतीपाशी ओतायला लागलो तर लचम्मा झाडू घेऊन धावत आली. "ऐसा नै साब! सुक्के कपडे नै चलते. अंग पे पैनना, पानी में बैठना, फिर छोडना."

"जिनके कपडे हैं वो नहीं आयेंगे, अम्मा."

"तो आप पैनो."

"सब?"

"लाये कौन?" लचम्माने विचारलं.

मी पोत्यातला पहिला लेंगा उचलला.

मग काय! खाजाभाईंनी फोन धरला, पलीकडे सोळा चेहरे. मी बनियन आणि पायजम्यावर एकेक कपडा चढवायचा, पायऱ्या उतरायचं, दगडावर बसायचं, लचम्मा वीस आकडे मोजायची तेलुगूत, मग बाहेर येऊन तो उतरवायचा आणि पुढचा घालायचा. लेंगे घातले. बंड्या घातल्या. साठ्यांचा टी-शर्ट मला गळ्यापाशी अडकला तर फोनमधून ओरडले, "भालेराव, मान नीट बुडवा! मान बुडलीच नाही!" पुन्हा बसलो. मावशींची साडी लचम्मानेच नेसवली. "डावा गुडघा," मावशी म्हणाल्या, "डावा खाली घ्या, डावा." डावा खाली घेतला.

बाराव्या गठ्ठ्यापर्यंत मी उकडलेल्या बटाट्यासारखा झालो होतो. साल निघायची तेवढी बाकी होती. काठावर शाळेची सहल आली होती, ती मुलं डबे उघडून बघत बसली. शेवटी राहिला निळा गाऊन. तो मला बरोबर बसला, हे सगळ्यात वाईट. तो घालून जास्तच वेळ बसलो, कारण लचम्माचे आकडे मधेच चुकले आणि तिने पुन्हा पहिल्यापासून मोजले.

सतरा गठ्ठे भिंतीपाशी ठेवले. मागे वळून पाहिलं नाही. पाच तास तोंडातून शब्द काढला नाही. खाजाभाईंना त्यात काही वेगळं वाटलं नसावं.

आणि बघा, घरी पोचेपर्यंत ग्रुपवर निरोप आले होते! साठ्यांची मान मोकळी. कंबरवाला उठून चालला. गोखले मावशी तर स्वतः फोनवर आल्या. "भालेराव, उतरली सूज. माझी पुतणी, तिची नणंद, सगळ्यांची नावं लिहून घ्या." दुसरी सहल तासाभरात पुन्हा भरली. मंगलने विलासला फोन करून सांगितलं, खुर्ची काढून टाक. मी पाय पसरून बसलो आणि चहा मागितला.

चहा आणताना तिने विचारलं, "सगळं नीट सोडलंत ना?"

"सतराच्या सतरा."

"आणि तुमचं?"

"माझं काय?"

"आतमध्ये बनियन-पायजमा होता म्हणालात ना. सतराही वेळा अंगावर तोच. तो कुठे आहे?"

मी गच्चीकडे बोट दाखवलं. दोरीवर वाळत होता. कुंडावर कोरडे कपडे घातले तेव्हा ओले पिळून पिशवीत भरले होते, आल्या आल्या धुतलेही. माझी स्वतःची वस्तू मी आयुष्यात कधी कुठे विसरलेलो नाही.

मी हसलो. म्हटलं, मंगल, आपला या गोष्टींवर विश्वास नाही. अजूनही नाही. दुसऱ्या दिवशी मान वळेना, ती वाऱ्याने धरली असणार. डावा गुडघा दुखला, तो पायऱ्यांनी. कोपराला खाज सुटली, ती गंधकाने. हे सगळं आठवड्यात गेलंही.

एक मात्र अजून गेलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, पुन्हा पुन्हा तापलेल्या दगडावर बसल्याने आणि वर पाच तास गाडीत आदळल्याने होतं असं. त्यांचं खरं असेल. पण उद्याची दुसरी सहल मंगल नेते आहे, कारण मला गाडीत बसता येत नाही. पायजमाही तिने सोबत घेतलाय, तिथे सोडायला. तिचाही विश्वास नाही, पण सोडायला काय जातं, म्हणते.

तुम्ही सावकाश बसा, चहा संपवा. त्या निळ्या गाऊनवालीला काय झालं होतं, ते मला कळलंय. म्हणून मी आपला उभा आहे.